ओहोळाला प्लास्टर

आमच्या घरात डोकं एकट्या रंगनाथरावांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला. पंच्याण्णवच्या सुमारास त्यांनी मळ्यातल्या पाटाला सिमेंटचं प्लास्टर केलं आणि पाणी मुरायचं थांबलं. मग नजर गेली ओहोळावर. त्याच्या एका अंगाला आमचा झेंडू, दुसऱ्या अंगाला थोरल्या दिरांचे, निवृत्तीभाऊजींचे गुलाब.

"दादा, निम्मं पाणी तर जमीनच पिती. तळाला सिमेंट टाकू, दोघांचं भागंल."

भाऊजींनी भावावर विश्वास ठेवून स्वतः तळातले गोटे उपसले. गावाने वाहवा केली.

पाणी नुसतं पळत सुटलं. पूर्वी गोट्यांतून झिरपणारं तेच पाणी थंडीत कोमट लागायचं, उन्हाळ्यात गार. आता ते सिमेंटवर तापायचं, त्यावर शेवाळाचा चिकटा धरायचा. होळीपर्यंत दोघांच्याही विहिरी आटल्या. जमीन पीत होती ते विहिरींनाच मिळत होतं, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आम्ही खालच्या डोहावर मोटार बसवून निभावलं. भाऊजींना मात्र विहिरीशिवाय आधार नव्हता. यांनी मोटारीचं पाणी देऊ केलं, पण थोरल्याने धाकट्यापुढे हात कसा पसरावा? गुलाब वाळले. भाऊजी आणि जाऊबाई देवळाली कॅम्पला भाड्याच्या खोलीत गेले आणि बाजारात दुसऱ्यांची फुलं विकू लागले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

फोडा ते सिमेंट, म्हणून मी किती डोकं आपटलं! पण चूक कबूल करायची म्हटली की आमच्या शहाण्याची वाचा बसायची. दोन वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात पहार घेऊन एकटेच उतरले, सगळा तळ फोडला आणि पुन्हा गोटे भरले. "पाणी लागल्याशिवाय दादाला तोंड दाखवायचा नाय," म्हणाले.

दिवाळीत भाऊजींच्या विहिरीला पाझर फुटले. हे काठावर बसून ढसाढसा रडले. त्याच पाण्याची बाटली भरून आम्ही दोघं बसने देवळालीला गेलो.

"दादा, तुझ्या विहिरीला पाणी आलंय. चल घरी."

भाऊजींनी बाटली तोंडाला लावली ती संपवूनच खाली ठेवली. जाऊबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. भाऊजींनी यांच्या पाठीवर हात ठेवला.

"एक वर्ष आधी फोडलं असतंस रं रंगा. दसऱ्यालाच मळा बिल्डरला देऊन टाकला. तुला सांगायला तोंड होईना."