तानाबाईचा मूळपुरुष

मी चांदीचं एक जुनं नाणं बोलतोय. दारव्ह्याची तानाबाई मला तिच्या सासरचा मूळपुरुष समजते. पण मी कोणाचाही पूर्वज नाही, आणि पूर्वजाची माया तर माझ्या अंगात औषधालाही नाही.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी एका राजानं मला पाडलं. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती नाव, मागे बसलेला नंदी. सहा महिन्यांत त्याच्या धाकट्या भावानं टांकसाळ बळकावली. फौजेला वाटायची घाई होती, म्हणून मला वितळवलंही नाही. तापवलं आणि थोरल्याच्या तोंडावरच आपला छाप हाणला. नाक एकाचं, हनुवटी दुसऱ्याची, असा मी झालो. थोरल्याचा साचा कोरणाऱ्या कारागिराची बोटं त्याच ऐरणीवर तोडली. राज्य शेवटी कोणाचं झालं, मला आजही ठाऊक नाही.

मग मी मातीत गेलो. तानाबाईच्या सासऱ्याला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडलो. पूर्वजाच्या नावानं चांदीचा ठसा करून पुजायचा, त्याला टाक म्हणतात. माझ्यावरचा चेहरा पाहून त्याला मी घराण्याचा हरवलेला टाकच वाटलो. झालं, जाऊन बसलो देवांत. तानाबाई दर सणाला मला चिंच आणि राखेनं घासायची. आधी मला नैवेद्य, मग पोरांना घास. अशी पन्नास वर्षं गेली.

नवरा वारला, दोन्ही मुलं वेगळी झाली. देव जातील त्या घरी आई जाते, अशी यांची रीत. आई दोघांनाही नको होती. पंचांनी देव आणि आई थोरल्या किसनरावच्या गळ्यात मारले. त्यानं तिला मागच्या पडवीत खताच्या पोत्यांशेजारी जागा दिली.

यंदा कोणीतरी माझा फोटो मोबाईलवर फिरवला आणि मी राजाचं नाणं असल्याचं दोघा भावांना कळलं. तिसऱ्याच दिवशी धाकटा गोपाल यवतमाळहून गाडी घेऊन हजर. हातात नवं लुगडं.

"चाल माय, आता माह्याकडंच राहजो. देवही घे संगं."

"काहून जातं माय? इथं काय कमी हाय तुले?" किसनरावही एकदम मऊ झाला.

पोरं आपल्यासाठी भांडताहेत असं वाटून म्हातारी हरखली. धाकट्याकडे कधी राहिले नाही म्हणाली आणि निघाली. किसनराव मागून म्हणाला, "आज गेली तं या घराची पायरी पुन्हा चढू नको."

यवतमाळात गोपालनं तिला गाडीतच बसवलं. "उजळून आणतो," म्हणत मला एका नाणीवाल्याकडे नेलं. त्यानं भिंग लावलं आणि हळहळला.

"दोन राजांचे छाप होते यावर. असं नाणं सापडत नाही. पण घासलं कोणं इतकं? एक अक्षर नाही राह्यलं. आता नुसती चांदी समजा."

गोपालनं तिला घरी नेलंच नाही. गाडी तशीच मागं वळवली. "तूनं घासून घासून वाटोळं केलं," एवढंच बोलला. किसनरावच्या दारात तिला उतरवलं, पिशवी खाली ठेवली, मला तिच्या हातात कोंबलं आणि गेला. किसनरावनं खिडकीतून पाहिलं आणि आतून कडी लावली.

दुपारपासून ती ओट्यावर बसून आहे. मी तिच्या मुठीत.

"बाबाजी," ती मला विचारते, "माह्या हातून काय चुकलं? रोज तं पुजलं तुमाले."

मला लाज वाटते आहे. लोकहो, तुमच्यापैकी कोणी दारव्ह्याला आलात, तर हिला आसरा द्या. आणि मी हिचा कोणी लागत नाही, हे हिला सांगू नका.