चोवीस तासांचा कॅन

हसू नका. मी लघवीचा कॅन आहे, सदाशिव पेठेतल्या एका लॅबचा. आणि आत्ता माझा जीव थाऱ्यावर नाही. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी, दोन हजार तीनमध्ये, तनया मला घेऊन गेली. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी, लग्नाला जेमतेम वर्ष, आणि ल्युपस. म्हणजे शरीराची राखण करणारी ताकद शरीरावरच उलटते. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला होता. त्या कधी कमी होतील, एवढंच ती विचारायची. रोग मूत्रपिंडात उतरलाय का, ते माझ्यामुळे कळणार होतं. लॅबच्या पोपटरावांनी बजावलं होतं की उद्या सकाळची पहिली लघवी सोडून द्या, मग परवा सकाळच्या पहिलीपर्यंत थेंबन् थेंब यात. आणि थंड जागी ठेवा.

थंड जागा म्हणजे फ्रिज. तिच्या सासूबाई, मंदाकिनीबाई, म्हणाल्या, "माझ्या विरजणाशेजारी? अजिबात नाही." मग मी न्हाणीघरात, गार पाण्याच्या बादलीत. तेही चाललं असतं. पण सकाळी कंपनीची बस आली आणि ही मला तिथेच ठेवून निघून गेली! अहो, दहा तास! डबा विसरला तर माणसं अर्ध्या रस्त्यातून परत येतात. माझ्यासाठी कोण येतंय?

पोपटरावांनी मोजून लिहिलं, सहाशे मिली. दिवसभरातली प्रथिनं अर्ध्या ग्रॅमच्या आत निघाली, म्हणजे मूत्रपिंडं ठीक. तनया खुश. मी लॅबच्या फडताळात नुसता तडफडत होतो, कारण पार्टिशनपलीकडेच डॉक्टर बसतात आणि सगळं ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, हे जुळत नाही. रक्तात ईएसआर शंभराजवळ, सी-थ्री घसरलेलं, आतली आग तर वाढलेली दिसतेय. मग त्यांची नजर त्या सहाशेवर गेली. पाणी पिता की नाही, त्यांनी विचारलं. तीन बाटल्या पिते, ती म्हणाली.



"बसमध्ये सगळे ओळखीचे असतात," ती हळूच म्हणाली. "कॅन कसा नेणार?"

"मूत्रपिंडं ऑफिसच्या वेळेत सुट्टी घेतात का?" डॉक्टर म्हणाले, आणि पोपटरावांकडून मला मागवून पुन्हा तिच्या हातात दिलं.

या खेपेला मंदाकिनीबाईंनी स्वतः विरजण वरच्या कप्प्यात सरकवलं. सकाळी बर्फाच्या पिशव्यांसकट मला भाजीच्या पिशवीत घातलं आणि सुनेला म्हणाल्या, "कोणी विचारलं तर सासूचं लोणचं म्हणून सांग."

एकोणीसशे मिली. दीड ग्रॅम प्रथिनं. मग मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, सलाईनमधून कडक औषधं सुरू झाली. उशीर थोडक्यात टळला. परवा ती आली होती, गालांवरची सूज उतरलीये तिच्या.

आणि आज मी कर्वेनगरात, एका रावसाहेबांच्या न्हाणीघरात आहे. तोच आजार, तीच तपासणी. आठ वाजता बँकेत जायला निघाले, मला वर्तमानपत्राखाली झाकून. जिन्यात अजून पावलं वाजतायत.

रावसाहेब, परत फिरा. मला घेऊन जा हो.