ताईच्या पेशी, तुमच्या पेटीत

अध्यक्षसाहेब, तुम्ही माझ्या बहिणीच्या स्वप्नाची साक्ष काढलीत आणि तिच्या जोरावर तिची जगायची वाट बंद केलीत. रुग्णालयात नव्या उपचारांना परवानगी देणाऱ्या समितीच्या हुकमावर सही तुमची आहे, तेव्हा आरोपही तुमच्यावरच.

मी सोफे आणि गाद्या शिवते. यकृताबद्दल जे काही कळतं ते ताईच्या खाटेला टेकून बसल्याने कळलं. तिला कुठला जंतू चिकटलेला नाही, दारूचा थेंब तिने चाखलेला नाही. तिच्या रक्तातले पहारेकरी, जंतू मारायला नेमलेले, वर्षानुवर्षं तिच्याच यकृताला बडवत सुटलेत. कुंपणच शेत खातंय. एक सूज उतरायच्या आत दुसरा मार, आणि मार बसेल तिथे व्रण दगडासारखा घट्ट. या पहारेकऱ्यांना "अरे बास, हे आपलंच आहे" म्हणून आवरणाऱ्या पेशीही रक्तात असतात. ताईकडे त्या थोड्याच, आणि त्याही दमलेल्या.

"म्हणजे भांडणात मध्ये पडणारी मोठी आत्या," ताई डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "तीच घरात नाही, म्हणून सगळे एकमेकांच्या झिंज्या उपटतायत."

"आत्या आहे हो, पण एकटी पडलीय," डॉक्टरीणबाई हसल्या. "तिला आम्ही बाहेर काढतो, खाऊपिऊ घालतो, तिचं गोत वाढवतो आणि परत घरी धाडतो. पण आधीच सांगते, प्रयोग आहे. गुण येईलच असं नाही."

"गोळ्यांनी तोंडाचा भोपळा झालाय. आता आत्याच बघू."

रक्तातून पेशी काढल्या. त्या वाढत होत्या ती खोली आम्हाला काचेबाहेरून दाखवली. उबदार कपाटात गुलाबी पाण्याची पिशवी पाळण्यासारखी हलत होती. ताईने काचेला कपाळ टेकलं. तिच्या श्वासाने काच धुरकटली, आणि त्या धुक्यामागे पिशवी झुलत राहिली, जणू आतलं कुणी कुशीवर वळतंय.

"त्यांना माझी आठवण येत असेल का गं?"

"ताई, त्यांना डोकं नसतं."

"तुला तरी कुठंय? पण येतेसच ना रोज."

पेशी तयार झाल्या, गोठवून पोलादी पेटीत ठेवल्या. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवरून सरपटत यायची. आणि नेमक्या त्याच सुमारास ताई धुक्यात गेली. यकृत रक्त गाळेनासं झालं की विष डोक्यात चढतं, माणूस जागेपणी वाहून जातो. ती भर दुपारी हातांनी पाणी सारायची. म्हणायची, खोली भरलीय, पडदे तरंगतायत, छतावर कोमट लाटांचा उजेड हलतोय, पलीकडच्या काठावर आई उभी आहे. आमची आई कधीच गेली, साहेब. पण ताई तिच्याकडे बघून असं हसायची की मीही एकदा वळून भिंतीकडे पाहिलं.

अशा एका दुपारी तुमचा अधिकारी आला. तुमचा नियम असा की पेशी देण्याआधी रुग्णाला एकटं गाठून विचारायचं, नातेवाइकांचा दबाव नको. मला बाहेर काढलं. दार अर्धवट उघडं होतं.

"पेशी घ्यायच्या आहेत का तुम्हाला?"

"नको, आई," ताई म्हणाली. "पाणी खोल आहे."

त्याने पुन्हा विचारलं.

"नको म्हटलं ना! मला इथेच राहू दे."

झुबकेदार मिशांच्या माणसाला ती आई म्हणाली, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली नाही! बाहेर येऊन मला म्हणतो, "रुग्णाने नकार दिला."

"अहो, ती शुद्धीवर नाही!"

"तुम्ही नातेवाईक. तुमचं म्हणणं धरता येत नाही."

जुलाब करवणाऱ्या औषधाने विष उतरलं आणि ताई काठाला लागली. सकाळी डोळे उघडले, वार बरोबर सांगितला, माझी वेणी कशी सुटलीय यावर टोमणा मारला आणि विचारलं, "आत्याबाई कधी येणार?"

डॉक्टरीणबाईंनी तुमचा कागद तिच्यापुढे ठेवला. एकदा नकार आला की पुन्हा विचारायचं नाही, पेशी नष्ट करायच्या, हा तुमचा हुकूम. डॉक्टरीणबाई तुमच्याशी भांडल्या. तुम्ही म्हणालात, रुग्णाच्या इच्छेचा आदर राखला पाहिजे.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आई पाण्यात बोलावत होती गं. मी तिला नको म्हटलं. मला राहायचं होतं. आणि यांनी त्याचाच माझ्या गळ्याला फास केला?"

आदर म्हणता? बुडत्या बाईने मरणाला दिलेला नकार उचललात आणि औषधाच्या नावावर मांडलात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. पहारेकऱ्यांना आपलं-परकं ओळखता येत नाही, हा ताईचा आजार. तुम्हाला कुठला झालाय?

पेशी अजून पेटीत आहेत, कारण त्या काचेच्या खोलीत पेशी सांभाळणाऱ्या बाई तुमचा हुकूम आज-उद्यावर ढकलतायत. त्यांना किती दिवस रेटता येईल? ताई या घडीला उशीला टेकून बसली आहे, डोळे लख्ख. तुमच्या नियमात तेच बसत असेल, तर मला पुन्हा बाहेर काढा, दार लावून घ्या, पण स्वतः या आणि तिच्या तोंडून ऐका. ज्या पेशी तिच्या रक्तातून निघाल्या, त्या तिला देणार आहात की जाळणार आहात? दोनातलं एक सांगा, आणि ते तिच्या डोळ्यांत बघून सांगा.