बादलीभर देवी

"मागं सरा! देवीच्या म्होरं सावली पाडायची न्हाई! डिसिप्लिन पायजे, डिसिप्लिन!"

नाथाजीबुवा ओरडला आणि पेवाभोवतीची गर्दी मागे सरली. मागे म्हणजे वीतभर, कारण पुढची जागा सोडायला कुणीच तयार नव्हतं. बायकांनी पोरं खांद्यावर घेतली होती, गडी उभ्या बैलगाडीवर चढले होते आणि एक म्हातारा धोतराच्या सोग्यात शेंगा घेऊन निवांत फोडत बसला होता. एका बाईला जमिनीच्या पोटात उतरवून देवी तिचा निकाल लावणार होती. असा खेळ तंबूतल्या सिनेमावाल्यालाही जमला नसता, आणि हा तर फुकट होता.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. सांगलीहून सायकल मारली तर घाम यायच्या आत पोचावं, असं हे कृष्णाकाठचं गाव. इथली माती चिवट, त्यामुळं हळद कोठारात न ठेवता जमिनीखाली ठेवायची रीत. घागरीच्या आकाराचा खोल खड्डा, तोंड अरुंद, खाली पोट मोठं. आत पाला अंथरायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. ह्याला म्हणायचं पेव. भाव चढला की पेव फोडायचं आणि हमालानं आत उतरून हळद वर द्यायची.

हे पेव नानासोंचं, गावातल्या सगळ्यांत मोठ्या बागायतदाराचं. गेल्या आठवड्यात ते फोडलं तेव्हा गुंडा नावाचा तरणाताठा हमाल आत उतरला आणि खाली पाय टेकताच कोसळला. गळ टाकून त्याला वर ओढला, तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

आणि मढं निघण्याआधीच नाथाजीबुवा हजर झाला. हा मूळचा साताऱ्याकडचा. पलटणीत आचारी होता. तिथून त्याला रम चोरली म्हणून काढला की भाकऱ्या करपवल्या म्हणून, ह्याबद्दल दोन मतं होती. अंगात देवी यायची तीही हवालदारासारखी बोलायची. पेवाचं तोंड त्यानं लगेच फरशीनं झाकायला लावलं आणि जाहीर केलं, की पेवात देवी बसली आहे, तिला विटाळ झाला म्हणून तिनं गुंडाला घेतलं. विटाळ कुणाचा? गुंडाची बायको भामाबाई नको त्या दिवसांत पेवावरून चालत गेली होती म्हणे. गेली होती की नाही हे तिलाही आठवत नव्हतं. पण सगळे सांगू लागले तेव्हा तिलाही वाटू लागलं, की गेले असेन. नवरा आपणच खाल्ला असं तिनं मनाशी धरलं आणि जेवण सोडलं.

आज फरशी काढली होती आणि पेवाच्या तोंडाशी भामाबाई बसली होती. कंबरेला दोर बांधलेला. शेजारी तिची सासू मनुबाई, एकुलता एक पोरगा गेलेली. सुनेकडं ती बघतसुद्धा नव्हती.

ह्याच वेळी नानासोंचा मुलगा लालासाहेब एस्टीतून उतरून गर्दीत शिरला. नाव एवढं दणदणीत आणि अंगानं शेवग्याची शेंग. राहुरीला कृषी विद्यापीठात शेतीचं इंजिनियरिंग शिकत होता. भाऊबीजेला कवठे महांकाळला मामाकडं गेला होता, त्यामुळं गुंडा गेल्याचं त्याला आत्ता स्टँडवर कळलं होतं. दुसरी गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. लाला यंदा नापास झाला होता. कशात? शेतमालाच्या साठवणुकीच्या पेपरात. सरांनी त्याला फेरपरीक्षेआधी घरचा अभ्यास दिला होता: गावातल्या पेवाचं माप घ्या, आत हवेचं काय होतं ते तपासा, आकृती काढा. पेवांच्या गावचं पोरगं पेवाच्याच पेपरात आपटलं, म्हणून गाव पंधरवडाभर हसत होतं.

"पयला दिवा नानासो मालकांच्या नावाचा!" नाथाजीनं दोराला बांधलेला कंदील उचलला. काच काढलेली, वात उघडी. "माते, मालक शुद्ध हायत का? रिपोर्ट दे!"

कंदील पेवात उतरला. तोंडातून वाकून बघणाऱ्यांना आत उजेड दिसत राहिला.

"ऑल ओके!" नाथाजी गरजला. गर्दीनं हात जोडले.

दुसरा दिवा मनुबाईच्या नावाचा. तोही जळत राहिला. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला.

"आता तिसरा. भामाबाई. माते, हुकूम कर!"

कंदील खाली गेला, आणि ज्योत कुणी चिमटीत धरावी तशी विझली. गर्दीतून एकच आवाज उठला, त्यात भीती होती आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही होता. शेंगावाल्या म्हाताऱ्याचं तोंड हलायचं थांबलं.

सगळे दिव्याकडं बघत होते. लाला नाथाजीच्या हाताकडं बघत होता. पहिल्या दोन खेपांना दोराची लाल गाठ पेवाच्या तोंडाशी आली की हात थांबला होता. तिसऱ्या खेपेला गाठ आत गेली आणि तिच्यामागं आणखी दहा-बारा हात दोर गेला.

"झाला फैसला," नाथाजी म्हणाला. "आता बाईनं सोता खाली जायचं. मनात पाप नसंल तर माता जित्ती वर धाडंल. असंल तर ती आन तिची देवी. सोडा दोर!"

भामाबाई उठली. तिला वाचायचं नव्हतंच, आणि हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. तरी दोन गड्यांनी दोर हाती धरला.

"थांबा!" लाला पुढं घुसला. "ती खाली गेली तर मरंल. तुमच्या देवीनं न्हाई, हवेनं मरंल."

"आलं बघा इंजिनियर!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"आदी पास हो जा रं," नानासो माणसांत उभे होते, तिथूनच म्हणाले. मग आवाज खाली आणून, "लाला, घरला चल. हितं तुजं काय काम न्हाई."

लालानं बापाकडं पाहिलं. नानासो देवीला घाबरून बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर दुसरीच कसली तरी घाई होती. ती कसली, हे विचारायला आता वेळ नव्हता.

"एक बादली आन एक घमेलं द्या कुनीतरी. बाईला नंतर सोडा, पळून का जातीया?"

नाथाजी गुरकावला, पण गर्दीला आणखी खेळ हवा होता. बादली आली. लालानं घमेल्याच्या तळाशी पणती पेटवून ठेवली. रिकामी बादली दोराला बांधून लाल गाठीच्या बरीच खाली सोडली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि हळूहळू वर काढली. मग घमेल्यावर पाणी ओतावं तशी तिरकी केली.

पणती फडफडली आणि पुन्हा सरळ जळू लागली.

लोक पोट धरून हसले. "रिकामी बादली वततंय, रिकामी!" एकानं टाळी दिली. नानासोही हसले, आणि त्यांना हसताना जरा सुटल्यासारखं झालेलं लालाला दिसलं. नाथाजीनं खूण केली. गड्यांनी भामाबाईला पेवाच्या कडेवर बसवलं. तिचे पाय आत लोंबू लागले.

"वारा हाय," लालाचा आवाज चिरकला. "वाऱ्यानं उडालं. एकदा, फक्त एकदा आडोसा धरा कुनीतरी!"

कुणी हललं नाही. शेवटी तो शेंगावाला म्हातारा उठला. आपलं घोंगडं त्यानं घमेल्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला धरलं. भक्ती म्हणून नव्हे, गंमत म्हणून. लालानं बादली पुन्हा सोडली, आणखी सावकाश वर काढली आणि घमेल्यावर ओतली.

बादलीतून काहीही पडताना दिसलं नाही. पणती मात्र विझली.

त्यानं पुन्हा पेटवली, पुन्हा बादली काढून ओतली. पुन्हा विझली. आता हसायला कुणी उरलं नव्हतं.

"काय हाय रं त्यात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बुवा म्हनत्यात देवी हाय. मग देवी बादलीत मावती व्हय? बादलीभर काढून तुमच्या घरी धाडू?" लालाला आता हुरूप चढला होता. "ऐका. हळद वाळवली तरी थोडी ओल राहती. पाल्याला बुरशी धरती, कीड असती, ती समदी श्वास घेत्यात. तोंड लिंपल्यालं, म्हंजे नवी हवा न्हाई. आतली चांगली हवा संपती आन श्वासातनं सुटलेली वाईट हवा साठती. ती जड असती. पान्यासारखी तळाशी बसती, गळ्यापाशी कमी, पोटात लय. कीड तिनंच मरती, म्हनून तर पेवात हळद टिकती! आन जिनं कीड मरती तिनंच मानूस मरतो, दिवा विझतो. बुवांनी मालकाच्या नावाचा दिवा गळ्यापाशी थांबवला आन हिच्या नावाचा तळाला धाडला. ती लाल गाठ बघा. न्हाई पटत? मी नाथाजीबुवांच्याच नावाचा दिवा सोडतो."

त्यानं कंदील पेटवला आणि दोर पार सोडला. बुवाच्या नावाचा दिवा भक्कन विझला. मग गाठीपाशी धरून भामाबाईच्या नावाचा सोडला. तो छान जळत राहिला.

"आता बुवांनीच खाली जावं," लाला म्हणाला. "मातेचं लाडकं हायत."

नाथाजीच्या कपाळावरचा मळवट घामानं ओघळला. "माझी... माझी ड्यूटी वरची हाय," तो कसाबसा म्हणाला.

आणि गर्दीनं त्याला धरलं! सकाळी ज्यांनी त्याच्या पायाचं तीर्थ घेतलं होतं त्यांनीच त्याच्या जटा धरून त्याला पेवाकडं ओढला. "घाला आत! कर म्हनावं रिपोर्ट!" नाथाजी गुरासारखा ओरडत होता. तासाभरापूर्वी भामाबाईला बघताना लोकांच्या डोळ्यांत जी मजा होती तीच आता होती. फक्त माणूस बदलला होता. लाला पेवाच्या तोंडावर आडवा पडला तेव्हा कुठं ते थांबले. नाथाजी त्यांच्या पायांतून निसटला आणि धोतर सावरत नदीच्या अंगाला पळाला.

लाला धापा टाकत उठला. भामाबाई तिथंच बसली होती. कंबरेचा दोर तिनं सोडला नव्हता.

"धाकलं मालक," ती म्हणाली, "देवीनं न्हाई खाल्लं. मी बी न्हाई खाल्लं. मग आमच्या ह्यास्नी कुनी मारलं?"

लाला गर्दीकडं वळला. "पेव फोडल्यावर दिवसभर उघडं ठेवत्यात. मग दिवा सोडून बघत्यात. जुनी रीत हाय. गुंडाला कवा उतरवला?"

मग मनुबाई बोलली, जमिनीकडं बघत.

"लगीच. मी हळद पाखडायला हितंच हुते. ल्येक म्हनला, मालक, जरा थांबाय पायजे. मालक म्हनलं, लॉरी उभी हाय, उतर."

"म्हातारीला भ्रम झालाय," नानासो म्हणाले. त्यांनी गर्दीकडं पाहिलं. गर्दीनं मान खाली घातली. अर्ध्या गावाला उद्या नानासोंच्याच रानात कामाला जायचं होतं. ज्या लोकांनी एका बाईला मारायला दुपारपासून जागा धरली होती, ते मालकाला एक प्रश्न विचारायला थांबले नाहीत. म्हातारा घोंगडं झटकून सगळ्यांत आधी निघाला.

मनुबाईनं सुनेच्या कंबरेचा दोर सोडला. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली.

लाला दोघींना घेऊन सांगलीच्या रस्त्याला लागला, पोलिसांत जबानी द्यायला. नानासोंनी मागून हाक मारली, की ह्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही. लाला रडत होता, पण थांबला नाही.

वाचकहो, पेवातली हवा कुणावर रागावत नाही आणि कुणावर प्रसन्नही होत नाही. दिवा सोडून बघितलं तर ती आपलं खरं रूप मुकाट्यानं सांगते. खोटं बोलतो तो माणूस, आणि त्या खोट्याचा फायदा बहुतेक वेळा बुवापेक्षा दुसऱ्याच कुणाला होत असतो. म्हणून गावात माणूस दगावला आणि देव कोपला असं कुणी सांगू लागलं, तर हात जोडू नका. विटाळ कुणाचा, असंही विचारू नका. त्या दिवशी घाई कुणाला होती, एवढं विचारा.