टोपऱ्याआडचा कान

मी टोपरं बोलतंय, आणि रागानं बोलतंय. पहिला राग माझा माझ्यावरच.

पेडगावच्या नागुबाईनं नातवासाठी मला खणाच्या तुकड्यातून शिवलं. आत जुन्या धोतराचं अस्तर, कडेला काळे मणी, हनुवटीखाली बंद. वारा लागू नये, नजर लागू नये, म्हणून महालिंगाच्या डोक्यावरून मला फक्त आंघोळीला काढायचे.

आठव्या महिन्यात त्याला ताप आला आणि आंघोळ बंद झाली. मग मी निघालंच नाही. पोर किंचाळायचं. हगवण लागली.

त्याची आई गौराबाई सासूला म्हणाली, "आत्याबाई, ह्यो उजवा कान चोळायलाय. त्या कुशीवर पीत बी न्हाई."

"दात यायलेत त्याला. तू कवा डाक्टरीण झालीस गं?"

वैद्य भुजंगराव आले. जीभ पाहिली, पोट दाबलं, मुरडशेंग उगाळून दिली. माझ्या बंदाला कुणी हात लावला नाही. अस्तराखाली, कानामागं, एक गरम गोळा रोज वाढत होता. मला कळत होतं. कापडाला ओरडता येत नाही, हे कारण पुरेसं आहे का, ते मला अजून ठरवता येत नाही.

सहाव्या दिवशी पोरानं मान लुळी टाकली. गौराबाई कुणाला न विचारता त्याला घेऊन निजामाच्या आगगाडीत बसली. नागुबाई मागोमाग चढली आणि परभणीपर्यंत भांडली.

"आधी टोपरं काढा," तिथल्या दवाखान्यातले डॉक्टर अनंतराव म्हणाले.

"नजर लागंल, सायब! पोटाचं बघा की."

"लागली तर माझीच लागेल, आजी."

गौराबाईनं माझी गाठ दातांनी सोडवली. उजवा कान पुढं ढकललेला, त्यामागं लाल, चकचकीत सूज.

"कानातला पू मागच्या हाडात उतरलाय. हगवणसुद्धा त्याचीच," डॉक्टर कडाडले. "उद्या मेंदूत गेला असता. सहा दिवस कुणी कान पाहिला नाही?"

नागुबाईनं मला उचलून पोराच्या उशाशी ठेवलं.

कानामागं चीर दिली. पू माझ्यावरही उडाला. मग रोज जखमेत पू ओढणारी नवी कापडी वात, दुधातून सल्फाच्या गोळीची पूड. पाचव्या दिवशी महालिंग उजव्या कुशीवर पोटभर प्याला. गौराबाई तेव्हा कुठं रडली.

माझा डाग गेला नाही. आता घरात धाकटी लेक आलीय. काल नागुबाईनं मला पेटीतून काढून तिला घातलं. गौराबाईनं कात्री आणली आणि माझे दोन्ही बंद कापले.

पोरगी हात मारते, मी खाली पडतं. पाड बाई, रोज पाड मला.