सतरावं मशीन

“आता लिहा लागते, महादेवभाऊ. दोन दिवस म्या विचारलं नाई. हे अपडेट बंद कोनं केलं?”

फारुखसाहेबांनी लॅपटॉपवरची नजर उचलली नाही. तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात सकाळचे साडेनऊ झाले होते, पंखा घरघरत होता आणि शिपायाने आणलेला चहा आम्हा दोघांच्या मध्ये निवत होता.

“मी,” म्हणालो.

“ते मले मालूम आहे. कोनाच्या सांगन्यावरून, ते विचारून राह्यलो. एका शाळेचं असतं तं समजलो असतो. सतराच्या सतरा मशीनवर बंद? कोनी हेडमास्तर म्हणाला असंल, कोनी बाबू म्हणाला असंल. नाव सांगा. त्याले नोटीस जाईल, तुमचं वझं कमी होईल.”

“कोनीच नाई म्हणलं. माझ्या मनानं केलं.”

“पाहा बरं.”

“पाहलं.”

त्यांनी टाइप केलं. बुलढाण्याहून जिल्ह्याच्या ऑफिसातून आलेला हा माणूस अठ्ठावीस वर्षांचा, माझ्या अर्ध्या वयाचा. दोन दिवस त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी सोळा शाळा फिरलो होतो. एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

“मंग ही जागा पुढं राहत नाई, भाऊ. एक तारखेपासून,” ते म्हणाले. “मशीन आपल्या आपण अपडेट व्हाले लागल्या का गावोगाव फिराचं कामच काय? ‘चांगल्या हेतूनं केलं’ असं लिहितो म्या. त्याच्याहून जास्त माझ्या हातात नाई.”

“लिहा.”

“अन् ते शेवटचं मशीन आज तुम्ही एकटेच करा. मले बुलढाण्याले मिटिंग आहे. अर्जाची वाढीव मुदत आज पाचपर्यंत. ते अकरा अर्ज गेले पाह्यजेत.”

“जातील,” म्हणालो आणि तो गार चहा एका घोटात संपवून उठलो.

मी मूळचा रेडिओ-टेपवाला. मेहकरच्या बसस्टँडमागे माझी टपरी होती. रेडिओ गेले, टेप गेले, मग टीव्हीही असे आले की बिघडले तर लोक फेकून देतात. नऊ वर्षांपूर्वी शाळांना संगणक मिळाले आणि ते सांभाळायला कंत्राटावर माणूस हवा होता, म्हणून मी लागलो. सांभाळायचं म्हणजे काय, तर जास्त करून ब्राउझर. संगणकात इंटरनेट ज्यातून उघडतं तो ब्राउझर. महिना-दीड महिन्याला त्याची नवी आवृत्ती येते. जुनी तशीच ठेवली की एकेक सरकारी साइट तोंड फिरवायला लागते. मग पोषण आहाराची माहिती जात नाही, हजेरी जात नाही, मास्तर डोक्याला हात लावून बसतात.

तर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी ऑफिसात नवी आवृत्ती उतरवून पेनड्राइव्हमध्ये घ्यायचो आणि निघायचो. कधी एसटी, कधी काळीपिवळी, कधी कोणाच्या ट्रॅक्टरवर. मी शाळेच्या फाटकात दिसलो की लोक ओरडायचे, “आले का हो इंजेक्शनवाले?” गुरांना लस टोचायला येतात ना, मलाही त्यांच्यातलाच धरलं होतं. पहिल्यांदा राग यायचा. पुढे पुढे कोणी ओरडलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

गेल्या दोन महिन्यांत मात्र मी कुठेच गेलो नाही. शालूचं, माझ्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं. मी अकोल्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून होतो. नेमकी त्याच दिवसांत शिष्यवृत्ती परीक्षेची साइट बदलली आणि माझी सतराही मशीन एकदम जुनी ठरली. पंधरावीस मास्तरांचे फोन आले. शालू आत होती, मी एकही उचलला नाही, आणि बाहेर आल्यावर उलट फोन करायचं विसरलो. सोळा शाळांच्या मास्तरांनी पोरांची कागदं घेऊन मेहकरच्या नेट कॅफेवर रांगा लावल्या. सतरावी शाळा पांढरवाडीची. तिथे जनकाबाई मॅडम एकट्याच, शाळा सोडून जाणार कशा? त्यांच्या अकरा पोरांचे अर्ज राहिले.

जानेफळपर्यंत काळीपिवळीत बारा माणसांत तेरावा होऊन बसलो. तिथून पुढे तीन किलोमीटर पायी. वाटेत शालूचा फोन आला.

“पोळी खाल्ली का?”

“खाईन.”

“आवाज काऊन असा येऊन राह्यला?”

“ऊन आहे. तू गोळी घेतली का?”

“मी इचारलं त्याचं सांगा ना!”

“अवं, काही नाई. शाळेत चाललो.”

तिला सांगायचं होतं. पण टाके अजून ओले असलेल्या बाईला रस्त्यावरून फोनवर काय सांगू? रात्री जेवताना सांगू, असं ठरवलं आणि चालायला लागलो.

मॅडम व्हरांड्यातच उभ्या होत्या. पोरं आत ओळीनं बसवलेली, प्रत्येकाच्या हातात फोटो आणि आधारकार्डाची झेरॉक्स. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. आणि ऐकायची तयारीही होती.

“शालूवहिनी कशी आहे?” त्यांनी आधी ते विचारलं.

“बरी आहे. चालते आता.”

“मंग बसा. पानी घ्या. अन् मंग हे पाहा बापा, मले पहिल्या पानाच्या पुढंच जाऊ देत नाई.”

पडद्यावर तेच वाक्य होतं जे मी सोळा ठिकाणी वाचलं होतं. आपला ब्राउझर जुना आहे, अद्ययावत करा. मी पेनड्राइव्ह लावला. चार मिनिटांचं काम. चार मिनिटांसाठी अकरा पोरांची आई-बापं पंधरा दिवस मॅडमना विचारत होती, आमच्या पोराचं काय झालं म्हणून. मला स्वतःची लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

साइट उघडली. मग अर्ज भरायला बसलो. मॅडम सांगत होत्या, मी टाइप करत होतो. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, फोटो. फोटो मोठा आहे म्हणून साइट नाकारायची, तो लहान करून पुन्हा चढवायचा. मध्येच पान गोल गोल फिरायला लागलं की सगळी पोरं माना पुढे काढून बघायची. पाचव्या अर्जाला वीज गेली आणि वीस मिनिटांनी आली. माझे डोळे चुरचुरत होते, कंबर भरून आली होती. आठवा, नववा, दहावा. अकरावा अर्ज मंजुळा नावाच्या पोरीचा. तो गेला तेव्हा घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं. आता पास व्हाचं काम तुह्यं.”

पोरं दप्तरं उचलून धूम पळाली. मॅडमनी डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. दुपारची माझी पोळी तशीच राहिली होती हे त्यांना कसं समजलं देव जाणे. मेथीची भाजी होती.

“ऑफिसात काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाई.”

“महादेवभाऊ, मले शिकवू नका. कालच्याले फारुखसाहेबाचा फोन होता. अपडेट बंद कोनं केलं म्हनून इचारत होते. मी म्हणलं, भाऊ येतीन तं त्याईलेच इचारा. तुम्ही काय सांगितलं?”

“मी केलं म्हणून. एक तारखेपासून माझी जागा बंद.”

“अन् मी सांगितलं होतं, ते?”

मी घास चावत राहिलो. खरी गोष्ट तशीच होती. पहिल्या वर्षी या शाळेत साधा डोंगल होता, महिन्याला मोजून मिळणाऱ्या नेटचा. तीन तारखेला ब्राउझरनं आपला आपण अपडेट ओढला आणि महिनाभराचं नेट एका रात्रीत फस्त केलं. पोषण आहाराची माहिती गेली नाही, मॅडमना वरून लेखी खुलासा मागितला. तेव्हा त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या होत्या, हे आपल्या मनानं नेट खाणारं बंद करून टाका बापा. मी केलं. पुढे बाकीच्या सोळा शाळांतही केलं आणि सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

“मी आत्ता फोन लावते त्याईले,” मॅडम पर्स उघडायला लागल्या. “नोटीस येईल तं येऊ द्या. माह्यी दोन वर्सं राह्यली नोकरीची. कोन काय वाकडं करते?”

“मॅडम, ठेवा तो फोन.”

“काऊन ठेवू? तुमचा निवाला जाऊन राह्यला अन् मी चूप बसू?”

“तुम्ही सांगितलं ते डोंगल होता तेव्हा. केबल येऊन तीन वर्षं झाली. आता कितीही नेट वापरा, संपत नाई. केबल आली त्याच दिवशी मले ते चालू करायला पाह्यजे होतं. करता येत होतं. दर महिन्याला इथं बसून मी ते पान पाहत होतो.”

“मंग?”

“मंग काय? चालू केलं असतं तं मले कोनी बोलावलं असतं?”

हे मी फारुखसाहेबांना सांगितलं नव्हतं. शालूला नाही, स्वतःलाही इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं. पहिले दोन-तीन महिने मी म्हणत राहिलो, केबलचा काही भरवसा नाही, जरा पाहू. पुढे ते म्हणणंही सोडून दिलं. मशीनला माझी गरज नव्हती. मला मशीनची होती, आणि म्हणून मी सतरा शाळांना माझ्या पायांना बांधून ठेवलं. मी धडधाकट होतो तोवर ते चाललं.

मॅडमनी पर्स मिटली.

मी हात धुऊन पुन्हा मशीनपुढे बसलो. सेटिंगचं पान उघडलं. तिथे तीन ओळी होत्या. अपडेट आपोआप करा. आधी मला विचारा. अपडेट कधीही शोधू नका. खूण तिसऱ्या ओळीपुढे होती, माझ्या हातची.

सोळा ठिकाणी फारुखसाहेब पाठीमागे उभे होते. इथे कोणी नव्हतं. दुसऱ्या ओळीवर खूण केली असती तरी कागदावर काम झालं असतं. मशीन विचारत राहिलं असतं आणि मॅडमनी घाबरून कधी हो म्हटलं नसतं. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला असता, भाऊ, एकदा येऊन जा. एक गाव तरी राहिलं असतं. मी खोटं बोलत नाही, माझं बोट माउसवर होतं आणि मन दुसऱ्या ओळीवर होतं.

पण मग ती पंधरा दिवस फाटकात येऊन विचारणारी आई-बापं डोळ्यांपुढे आली. उद्या माझंच पोट दुखलं तर? मी पहिल्या ओळीवर खूण केली आणि पान बंद केलं.

“झालं,” म्हणालो. “आता याले हात लावायची गरज नाई. आपल्या आपण होत जाईल.”

“अन् बिघडलं तं?”

“बुलढाण्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवतो.”

लिहिला. पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. काळीपिवळी साडेसहाला जानेफळहून सुटते, निघायला हवं होतं. मॅडम म्हणाल्या, “थांबा जरासं,” आणि कपाट उघडून एक जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. शाळेची शेरेबही. साहेब लोक तपासणीला येतात ते हिच्यात शेरा लिहून जातात. मी नऊ वर्षांत ती कपाटाबाहेर चार-दोनदा पाहिली असेल, तीही साहेबांच्या हातात.

“लिहा,” त्या म्हणाल्या.

“मी? मॅडम, मी काय साहेब आहो का?”

“या वहीत मोठे साहेब वर्साकाठी एकडाव येऊन दोन ओळी लिहितेत. तुम्ही दर महिन्याले आले. उन्हात आले, चिखलात आले. लिहा म्हणते ना.”

“तुम्हाले कोनी विचारलं तं?”

“मी हाओ ना हेडमास्तर. सांगीन मी.”

त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. वरच्या पानावर केंद्रप्रमुखांचा शेरा होता, सुंदर वळणदार अक्षरात. माझं अक्षर त्यापुढे कोंबडीचे पाय. तरी जमेल तितकं सरळ लिहिलं. आज रोजी शाळेस भेट दिली. संगणक तपासला. ब्राउझर अद्ययावत केला. अकरा विद्यार्थ्यांचे अर्ज मुदतीत भरले. यापुढे भेटीची गरज नाही.

खाली सही केली. सहीखाली नाव आणि हुद्दा लिहायची रीत असते. कागदोपत्री माझा हुद्दा तांत्रिक साहाय्यक, आणि कंसात कंत्राटी. आणखी आठ दिवस तो माझाच होता. लिहिला, कंसासकट.

मॅडमनी ते सगळं वाचलं. शेवटच्या ओळीशी थोड्या थांबल्या. टेबलाचा खण उघडून त्यांनी शाळेचा गोल शिक्का काढला, शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि साहेबांच्या शेऱ्याखाली मारतात तसा माझ्या सहीशेजारी मारला. शाई ओली होती. वही मिटली तर समोरच्या पानावर उठली असती, म्हणून वाळेपर्यंत आम्ही दोघं ती तशीच उघडी ठेवून बसलो.