भोपळा सुटल्याचा नारळ

माझ्या सुनेला, मीनलला, वाटतं की मी मेक्सिकोला गेले ती जुनी देवळं बघायला. वाटू दे. मी गेले होते विहिरीत उतरायला.

आम्ही राहतो रेगेन्सबर्गला. मुलगा उत्कर्ष मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. नात मैत्रेयी दुसरीत. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. इथल्या पोरांना पोहण्याचा एक बिल्ला मिळवायचा असतो, त्याला सेफर्डशेन म्हणतात. त्यासाठी काठावरून खोल पाण्यात उडी टाकावी लागते. हिच्या वर्गातल्या बहुतेकांना मिळाला. ही मात्र काठापर्यंत जायची आणि पाय मागे घ्यायची. मी बाकावर बसून बघायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा. शाळा माझी चौथीतच सुटली, पण पाण्यात मला हरवेल असा पोरगा आमच्या गावात नव्हता.

आमच्याकडे पोहायला शिकवायची रीत साधी. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. मला माझ्या आत्याने ढकललं. ती वरच्या पायरीवर उभी राहून शिव्या घालायची आणि आम्ही त्या शिव्यांच्या तालावर हातपाय मारायचो. ज्या दिवशी भोपळा सुटला, म्हणजे त्याच्याशिवाय पोहता आलं, त्या दिवशी पायरीवर नारळ फोडायचा. एक तुकडा पाण्यात, साती आसरांचा, त्या पाण्यातल्या देवी. बाकीचा पोरांना. त्यानंतर पुन्हा भोपळा बांधून घेतला, तर सगळ्या गावाने हसायचं.

मग लग्न झालं. सासरी सुनेने विहिरीचं पाणी शेंदायचं, विहिरीत उतरायचं नाही. आणि माहेरची विहीर माझ्या भावाने, विष्णूने, बुजवून टाकली. आज तिच्यावर गोठा आहे. पन्नास वर्षं झाली, अंगाला पाणी लागतं ते बादलीतलं नाहीतर नळाचं. इथल्या पोहण्याच्या हॉलमध्ये बाकावर बसून राहायचे, कारण त्या औषध घातलेल्या पाण्याला मी पाणीच म्हणत नाही.

ईस्टरच्या सुट्टीआधी उत्कर्षने मोबाइलवर फोटो दाखवला. जमिनीला भलंमोठं गोल भोक, खाली निळंशार पाणी, वरून झाडांची मुळं लोंबतायत. मेक्सिकोतली विहीर, सेनोटे म्हणतात म्हणे. मी त्याला विचारलं, यात उतरू देतात का? तो म्हणाला, देतात. मग मी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

तिथे उत्कर्षने आमच्यापुरती एक गाडी ठरवली होती, सोबत मिगेल नावाचा माणूस. मैत्रेयीला कळावं म्हणून जर्मन बोलणारा शोधला होता. म्हणजे मेक्सिकोचा माणूस जर्मनमधून सांगायचा आणि मीनल मला मराठीतून. अर्धं सांगणं वाटेतच सांडत होतं. माया लोकांची ती दगडी देवळं मात्र खरोखर बघण्यासारखी. उभ्या पायऱ्या, वर चढायला बंदी. मिगेल म्हणाला, इथे नदी नाही, सगळं पाणी जमिनीखाली. म्हणून ते लोक विहिरींना मानायचे, त्यांत दागिने, भांडी टाकायचे. मीनलला नवल वाटलं. मला कसलं नवल? मी तिला म्हटलं, साती आसरा इथेही पोचल्या होत्या म्हणायच्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही त्या विहिरीवर पोचलो. आधी सगळ्यांनी अंघोळ करायची, अंगाला तेल, क्रीम काही नको. मी सकाळीच डोक्यावर तेल थापलेलं. दोनदा केस धुवायला लावले, तेही मी ऐकून घेतलं. मीनलने आणलेला तो अंगाला चिकटणारा काळा पोशाख घातला, वरून माझा कुडता. लाकडी जिना उतरले. खाली गारवा, शेवाळाचा वास, पाण्यात पडलेला उन्हाचा एक गोल तुकडा. तोच वास. मला आत्याची शिवीसुद्धा ऐकू आली.

आणि तिथल्या रखवालदाराने माझ्यापुढे नारिंगी जाकीट धरलं.

मिगेल म्हणाला, हे घातल्याशिवाय कुणालाच पाण्यात जाता येत नाही. मी जाकीट त्याच्या हातात परत दिलं. उत्कर्ष समजावायला लागला.

"आई, नियम आहे. आम्हीही घातलंय ना?"

"तू घाल. तुझा भोपळा सुटलाच कुठे कधी? माझा सातव्या वर्षी सुटलाय."

"पण त्यांना काय माहीत?"

"मग सांग त्यांना. इंजिनियर आहेस ना?"

तो मीनलबरोबर पाण्यात उतरला. मी पायरीवर बसून राहिले, पाणी हातभर अंतरावर. पन्नास वर्षं वाट बघून इतक्या लांब यायचं आणि शिकाऊ पोरासारखं भोपळा बांधून उतरायचं? त्यापेक्षा नकोच ते.

शेजारी मैत्रेयी येऊन बसली. तिच्या अंगावर जाकीट होतं, पण दातावर दात वाजत होते. आई-बाप पाण्यातून हाका मारत होते, ही म्हणत होती, "इश विल निश्ट." नाही यायचं. मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाली, "आजी, तू घातलंस तर मी येते."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. विहिरीच्या काठावर माझंही तोंड असंच झालं असेल.

मी हात पुढे केला. रखवालदाराने जाकीट चढवून पट्टे आवळले. मैत्रेयीचा हात धरला आणि आत्या जे म्हणायची तेच म्हटलं, ते इथे लिहिता येणार नाही. आम्ही दोघींनी उडी टाकली.

वर आले तेव्हा पोरगी खोकत होती, आणि हसत होती. मी पाठीवर पडून राहिले. बुडायची सोयच नव्हती. वर आभाळाचा गोल, कडेला मुळं, कान पाण्याखाली. आमच्या विहिरीतून आभाळ एवढंच दिसायचं. डोळ्यांत पाणी आलं, पण तिथे सगळेच ओले, कोण विचारतंय.

रेगेन्सबर्गला परतल्यावर पुढच्याच महिन्यात मैत्रेयीने काठावरून उडी टाकली, जाकीट नाही, काही नाही. मी पिशवीत नारळ घेऊनच गेले होते. तिला बिल्ला दिला, तशी मी पाण्याच्या कडेला नारळ आपटायला वाकले. बाडेमाइस्टर, म्हणजे तिथला पाण्यावरचा राखण्या, धावतच आला. मीनल लाजेने लाल. मी त्याला मराठीतच सांगितलं की बाबा, रीत आहे. त्याने दाराकडे बोट दाखवलं.

मग आम्ही बाहेर सायकली लावतात तिथल्या दगडावर नारळ फोडला. एक तुकडा डोनाऊ नदीत टाकायला बाजूला ठेवला. मैत्रेयी खोबरं चावत म्हणाली, "आजी, आणि तुझा भोपळा?"

"माझा कधीच सुटलाय."

"नाइन, नाही. तिकडे तुला परत बांधला होता. मी बघितलंय."

पोरगी खोटं बोलत नव्हती. तो परत बांधलेला भोपळा अजून माझ्या पाठीवरच होता.

मी मीनलला म्हटलं, "घरी जाताना दुकानातून अजून एक नारळ घे. आणि तो काळा पोशाख धुऊन ठेव. शनिवारी मी हिच्याबरोबर आत पाण्यात उतरणार आहे."